रविवारी मी उठून बसले

तुमचा विश्वास बसणार नाही, मित्रांनो, पण एका रविवारी, कोणाचाही हात न लागता, मी आपली आपण उठून बसले आणि अख्खा दवाखाना वाचवला. अक्षदा, तू पुढे बसून अशी रोखून बघू नकोस. आधी ऐक.

मी एक जुनी लायब्ररी आहे. पुस्तकांची नव्हे, संगणकाच्या रुबी नावाच्या भाषेत लिहिलेली, म्हणजे तयार कोडचा संच. काम दुभाष्याचं. जयपूरच्या सी-स्कीम भागातल्या एका दवाखान्याचा संगणक माझ्या कानात सांगायचा, "रक्त तपासून झालं." मी ते दूर क्लाउडमध्ये बसलेल्या सेवेला तिच्या बोलीत सांगायची. मग ती पुढची कामं ओळीनं लावायची: रिपोर्ट डॉक्टरांकडे, निरोप पेशंटच्या फोनवर. जयपुरात खरे ढग दिसायची मारामार, पण माझा ढग बाराही महिने भरलेला!

मला नीलकंठनं घडवलं, तिथल्याच झालाना भागातल्या ऑफिसात. रेल्वेतल्या बदलीमुळे इथं आलेल्या मराठी घरातला पोरगा. त्या काळी जौहरी बाजारातले सराफ भिंग घेऊन मला बघायला यायचे. बरं, सराफ नाही, इंजिनियर. पण यायचे!

पुढे नीलकंठ दुसऱ्या नोकरीवर गेला. नंतर कोणी माझ्याकडे फिरकेना. चुकत असते तर निदान शिव्या तरी मिळाल्या असत्या. मी आपली मुकाट चालत राहिले. रोज हजारो निरोप माझ्यातून जायचे. त्यात माझ्यासाठी एकही नसायचा.

अन् एक दिवस त्या सेवेनं जाहीर केलं, सोमवारपासून जुनी बोली बंद. मला तर तीच येत होती.

"फेकून दे ना त्या म्हातारीला," ऑफिसातला गौरांग मयूरीला म्हणाला. मयूरी म्हणजे आपल्या अक्षदाची आई, तिथलीच इंजिनियर. "नवीनच लिही."

"नवीन लिहायला महिना जाईल, भैया. सोमवारी ज्याचा रिपोर्ट यायचाय, त्यानं महिनाभर फोनकडे बघत बसायचं का?"

आता नीट ऐका. रविवारी ऑफिस रिकामं. मी आळस झटकला. नवी बोली घोकली. जिथं अडखळले, तिथं स्वतःचा कान स्वतःच पिळला. चाचण्या लाल, म्हणजे नापास, पुन्हा लाल, आणि संध्याकाळी एकदम हिरव्या, सगळ्या पास! सोमवारी सकाळी पहिला निरोप गेला तो थेट पेशंटच्या फोनवर.

म्हणून सांगते मित्रांनो, मुकाट्यानं चालणाऱ्यांची अधूनमधून विचारपूस करत जा. सगळ्यांनाच काही माझ्यासारखं आपलं आपण उठून बसता येत ना...

"खोटं! एकदम खोटं!" अक्षदा उभी राहून ओरडली. "त्या रविवारी मानसरोवर कॉलनीत माझा नाच होता. सगळ्यांच्या आया आल्या होत्या. मी आईसाठी पुढची खुर्ची धरून ठेवली होती, ती शेवटपर्यंत रिकामीच राहिली. मतलब, ती तुझ्याजवळ बसली होती!"