ओल्या पाठीवरचा डाग

सिनेमा खरा की खोटा यावर आमच्या गुरेवाल्यांच्या हॉलमध्ये जेवढी भांडणं होतात, तेवढी चर्चमध्ये देवाबद्दलही होत नाहीत. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी दुपारी बीन्स आणि मक्याचा पाव पोटात गेला की कुणीतरी जुनी कॅसेट लावतं, आणि मग टीव्हीतल्या माणसांना कुणी बोलूच देत नाही. ॲरिझोनाच्या या खोऱ्यात आम्ही जन्मभर गुरं राखली. हे घोडे-बंदुकांचे सिनेमे म्हणजे आमच्याच घरची गोष्ट परक्यांनी सांगितलेली. चूक दिसली की आमच्या जिभेला खाज सुटते.

त्या रविवारी लागला तो सिनेमा चौतीस वर्षांपूर्वीचा होता. डुआन खोगीर शिवतो आणि तोंडाचा पट्टा कधी आवळत नाही. त्याने पहिल्याच मारामारीत गोळ्या मोजल्या. सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून एकोणीस सुटल्या होत्या. मग तो टोप्यांवर घसरला. तीन महिने गुरं हाकताहेत आणि टोप्या लग्नातल्यासारख्या, म्हणाला. सगळे हसले, ऑर्विल थ्रॅशर सोडून.

ऑर्विल एक्याऐंशीचा. खोऱ्यातली सगळ्यात मोठी रँच त्याची, त्यामुळे त्याचं मत इतरांच्या मतापेक्षा जरा मोठ्याने ऐकू येतं. असे सिनेमे आता होत नाहीत, असं त्याचं म्हणणं. यातली माणसं खरी बसतात घोड्यावर, आपले आजोबा अगदी अशीच गुरं नदीपार न्यायचे, यात खोटं काही म्हणजे काही नाही, हे त्याने तीनदा सांगितलं.

डुआन ऐकतोय कसला. "अरे, त्या काळात इथं पांढऱ्या तोंडाच्या तांबड्या गायी कुठल्या? तेव्हा होती ती लांब शिंगांची हाडकुळी जनावरं. ही बघ, ही तुझ्याच कुरणात चरून आल्यासारखी दिसतात."

झालं. सगळे गायी बघायला लागले. आम्हाला माणसाचं तोंड आठवत नाही, गाय आठवते. कळप नदीतून निथळत काठावर चढत होता. जनावर भिजलं की केस अंगाला चिकटतात आणि एरवी लपलेला, मालकाने तापल्या लोखंडाने दिलेला डाग पाटीवर लिहिल्यासारखा उठून दिसतो.

"थांबवा ते," व्हर्ना स्टोक्ली म्हणाली.

व्हर्ना आमच्या शाळेची बस चालवते. एरवी ती या वादांत पडत नाही. ती खुर्ची ढकलून टीव्हीपाशी गेली, स्वतःच कॅसेट मागे नेली आणि पुन्हा थांबवली. चित्र थरथरत होतं. पुढच्या गायीच्या मांडीवर खोगिराच्या रिकिबीच्या आकाराचा डाग होता आणि त्याखाली आडवी रेघ. तो ऑर्विलचा डाग.

एक्कावन्न साली ऑर्विलच्या वरच्या कुरणातल्या बासष्ट गायी चोरीला गेल्या होत्या. निदान त्याने तसं शपथेवर सांगितलं होतं. त्याच डागाचं एक कातडं शेजारच्या हॉलिस स्टोक्लीच्या कोठारात सापडलं. हॉलिस म्हणजे व्हर्नाचा बाप. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. बापाला सात वर्षांची शिक्षा झाली, आणि दुसऱ्या हिवाळ्यात तो तुरुंगातच न्यूमोनियाने गेला. त्याची जमीन आणि तिच्यातला झरा ऑर्विलकडे आला. गुरांना पाणी पाजताना आम्ही सगळेच त्या झऱ्याचं कौतुक करायचो. माझ्या बापाने चोरी केली नाही, हे व्हर्ना इतकी वर्षं सांगत आली, आणि आम्ही मान हलवून विषय बदलत आलो.

"हा काय प्रकार आहे, मिस्टर थ्रॅशर?" तिने विचारलं.

"सिनेमा आहे, पोरी," ऑर्विल म्हणाला. "सगळं खोटं असतं त्यात. रंगवतात ती माणसं. वाटेल ते डाग रंगवतात."

पाच मिनिटांपूर्वी यात खोटं काही नाही म्हणणारा माणूस तो. मला हसू यायला हवं होतं.

व्हर्ना माझ्याकडे वळली. मी एल्बर्ट हॅडली, एकतीस वर्षं या जिल्ह्याचा डाग तपासनीस होतो. खोऱ्यातून एक वासरू जरी बाहेर जायचं तरी माझ्या सहीने. कोर्टात उभं राहून मीच सांगितलं होतं की कातडं ऑर्विलचंच आहे आणि त्या गायी विकल्याचा कागद माझ्याकडे नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्या दोन खऱ्या गोष्टींवर एक माणूस आत गेला.

"तुम्ही सांगा, एल्बर्ट. खरा की रंगवलेला?"

मी उठलो. गुडघे दुखतात म्हणून सावकाश गेलो, आणि काचेजवळ वाकलो. ऑर्विलचं लोखंड एका बाजूने मोडकं होतं, त्यामुळे त्याच्या रिकिबीचा डावा पाय आखूड उमटायचा. इथेही तो आखूडच होता, पुढच्या गायीवर आणि तिच्यामागच्या दोघींवरही. रंगाऱ्याला हे कुणी सांगितलं असतं?

"खरा आहे," मी म्हणालो. "त्याच गायी आहेत. चोर असा डाग उघडा ठेवून गुरं विकत नाही, मालकानेच गुपचूप विकल्या त्या सिनेमावाल्यांना. चोरी झालीच नव्हती."

ऑर्विलने टोपी उचलली. त्याला दारापर्यंत पोहोचवायला कुणी उठलं नाही, अडवायलाही नाही. बाहेर त्याच्या गाडीचा आवाज दूर जाईपर्यंत व्हर्ना तशीच उभी होती. आता ती रडेल, असं मला वाटलं. निदान मला शिव्या तरी घालेल. मला तेच हवं होतं.

"हा सिनेमा आला तेव्हा बाबा जिवंत होते," ती म्हणाली. "अजून सोळा महिने जगले ते." मग तिने आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. "मी पाहिला नव्हता. त्या वर्षी आई आम्हाला घराबाहेर पडू देत नव्हती. तुमच्यापैकी कुणी पाहिला होता तेव्हा?"

तालुक्याच्या गावात एकच थिएटर होतं आणि वर्षाला मोजके सिनेमे यायचे. गुरांचा सिनेमा असला की सगळं खोरं लोटायचं. डुआन बुटांकडे बघत होता.

मी हात वर केला. मग डुआनने केला. मग एकेक करत, जे जे पन्नाशीच्या पुढचे होते त्या सगळ्यांनी केला. कुणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तेव्हा ऑर्विल गुरेवाल्यांच्या संघाचा अध्यक्ष होता आणि माझी नोकरी संघाच्या मर्जीवर होती, हे मी सांगू शकलो असतो. लाज वाटली म्हणून सांगितलं नाही.

व्हर्ना माझ्यासमोर येऊन थांबली.

"किती वेळा पाहिलात, एल्बर्ट?"

"दोनदा," मी म्हणालो. "दुसऱ्यांदा खात्री करायला गेलो होतो."