पस्तीस स्टुलं

कल्याण सुपरवायझर येताना दिसला तशी बेबीनंदा स्टुलावरून उठली, पदर सारखा केला आणि पट्ट्यावरून सरकणाऱ्या मक्यातले फुटके दाणे उभ्यानेच वेचू लागली. तिच्यामागून सगळी रांग उठली. कल्याण कागद घेऊन या टोकाकडून त्या टोकाला गेला, काहीतरी लिहिलं आणि दाराबाहेर पडला. तो गेला तशा बाया पुन्हा बसल्या. महिनाभर, दिवसातून तीनदा हेच चाललं होतं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

या स्टुलांसाठी त्यांनी काय कमी केलं होतं? तिकडं केरळात कापडाच्या दुकानांतल्या बायांनी लढून बसायचा हक्क मिळवला, असं संघटनेच्या उषाबाईंनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सगळ्या हसल्या होत्या. बसायला कसला आलाय हक्क! पण आठ-आठ तास उभं राहून पिंढऱ्यांच्या शिरा सुतळीसारख्या वर आलेल्या. हसू फार दिवस टिकलं नाही. एमआयडीसीतल्या या बियाण्याच्या कारखान्यासमोर, फाटकाच्या धुळीत, त्या एकोणीस दिवस बसून राहिल्या. विसाव्या दिवशी कंपनी नमली, पण कंपनीच्या पद्धतीने. महिनाभर पस्तीस स्टुलं देऊ, वापरात दिसली तर ठेवू, नाहीतर परत गोडाउनला. आज तो महिना संपत होता.

दुपारी पाणी प्यायला बाहेर आलेल्या बेबीनंदाला ऑफिसच्या दाराशी रिकामा टेम्पो दिसला. कल्याण तिथंच भिंतीला टेकून उभा होता.

"साहेब, ह्यो टेम्पो कशाला आलाय?"

"स्टुलं न्यायला. चारची मोजणी झाली की भरायला सांगितलंय."

तिला वाटलं तो थट्टा करतोय. त्याने मुकाट्याने कागद पुढे केला. बेबीनंदा सातवीपर्यंत शिकलेली. तिने बोट ठेवून ठेवून पाहिलं. पहिल्या तारखेपासून आज दुपारपर्यंत, सकाळी, दुपारी, चार वाजता, प्रत्येक चौकोनात शून्य. फक्त आजचा चारचा चौकोन कोरा होता.

"ह्ये काय लिव्हलं? आमी तर बसूनच काम करून राह्यलो."

"मावशी, मी कवा बी आलो तर एक बाई बसलेली दिसली न्हाई. दिसलं ते लिव्हलं. बिलकुल खरं लिव्हलं."

"आवं, तुमी आले म्हणून उठतो आमी!"

कल्याणने कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मंग आता काय करू?" तो म्हणाला. "कारण लिव्हायला याच्यात जागाच न्हाई. वरचे लोक आकडा मागतेत."

बेबीनंदाला रडू आलं नाही, संताप आला, आणि तोही स्वतःचाच. पहिली उठणारी तीच असायची. एकोणीस दिवस घोषणा देऊन घसा बसवून घेतला आणि इथं साधं बूड टेकून राहता आलं नाही. ती तशीच आत गेली.

तिने रांगेतून फिरून एकेकीच्या कानात सांगितलं. चार वाजता साहेब येईल, कुणी उठायचं नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. झुंबरबाई, रांगेत सगळ्यांत जुनी, तिने हातातले दाणे खाली टाकले.

"सायेब समोर उभा अन् आपण बसून? मला न्हाई जमायचं बाई. बापाच्या पुढं बी कवा बसले न्हाई मी."

"त्यो बाप न्हाई, तुमच्या पोराच्या, हरिओमच्या वयाचा हाय."

"वयाचं काय घेऊन बसलीस. सायेब त्यो सायेब."

"मंग मान वर करूच नका. नुसते दाणे बघा."

चार वाजले. दारात कल्याणची सावली पडली आणि बेबीनंदाचे गुडघे आपोआप ताठ व्हायला लागले. तिने दोन्ही पाय स्टुलाच्या पायांभोवती आवळून घेतले. शेजारी झुंबरबाईची मान पट्ट्यावर इतकी वाकली होती की कपाळाला मका लागायचा बाकी होता. तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होती की साहेबाची माफी मागत होती, कोण जाणे. पण ती उठली नाही. कोणीच उठलं नाही.

कल्याण बोटाने मोजत आला. शेवटी बेबीनंदाजवळ थांबून त्याने लिहिलं. चौतीस. दीपमाला आज कामावर आली नव्हती, बेबीनंदाच्या दुसऱ्या बाजूचं तिचं स्टूल रिकामं होतं.

"बराबर लिव्हलं का?" बेबीनंदाने खाली बघतच विचारलं.

"लिव्हलं."

पण तो हलेना. तिने मान वळवून पाहिलं. त्याच्या बुटांची टाच एका बाजूने झिजली होती आणि तो सारखा या पायावरून त्या पायावर भार टाकत होता. मागण्यांचा कागद लिहिताना तिने प्रत्येक बाईचं नाव घातलं होतं. हा माणूस बसतो कुठं, हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"साहेब, तुमी सकाळपासून उभेच का?"

"सातपासून," तो म्हणाला. "सुपरवायझरला कुठं असतंय स्टूल."

बेबीनंदाने पायाने दीपमालाचं स्टूल त्याच्याकडे ढकललं. कल्याणने एकदा ऑफिसच्या काचेकडे पाहिलं. मग हळूच, स्टूल मोडेल की काय अशा बेताने, बसला. डोळे मिटून त्याने एक लांब श्वास सोडला. थोड्या वेळाने खिशातून पेन काढलं, चौतीसवर काट मारली आणि शेजारी पस्तीस लिहिलं.

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मग पुन्हा एकदा, जरा लांब.

कुणीही उठलं नाही.