जयंती येईपर्यंत

काजूचं ओरडणं ऐकून विद्याधर अर्धी दाढी तशीच टाकून गॅलरीत धावले. बोका पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत होता. मागचे पाय फरशीवरून नुसते फरफटत येत होते. थोड्या वेळापूर्वी तर त्याने खिडकीत उडी मारली होती.

पाय मुरगळला असेल म्हणून ते तेलाची बाटली घेऊन बसले. पंजा हातात घेतला आणि थबकले. पुढचे तळवे गुलाबी, उबदार होते. मागचे दोन्ही गार, निळसर पडलेले. त्यांनी मांजराच्या डॉक्टरांना फोन लावला.

"चोळू नका, काका," मधुवंती डॉक्टर म्हणाल्या. "घरातली कुठली गोळीही देऊ नका. टॉवेलात गुंडाळा आणि लगेच निघा."

मुलुंडहून घाटकोपरला जाईपर्यंत रिक्षात काजू तोंड उघडून धापा टाकत होता. विद्याधरांनी त्याला मांडीवर असं कधी घेतलं नव्हतं. तो त्यांच्या बायकोचा, जयंतीचा. ती भाचीच्या लग्नाला कणकवलीला गेली होती.

डॉक्टरांनी आधी वेदना कमी करणारं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. मागच्या पायांत नाडी शोधली. लागली नाही.

"हृदयात रक्ताची गुठळी झाली होती, काका. ती सुटून पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत अडकलीय. काही मांजरं यातून उठतात. पण याच्या फुफ्फुसांतही पाणी झालंय. हा उठेल असं मला वाटत नाही. इंजेक्शन देऊन शांतपणे कायमचं झोपवता येईल."

"माझी बायको उद्या सकाळी पोचेल. तोवर ठेवता येईल?"

"प्रयत्न करू. पण त्याला त्रास होणार."

विद्याधर बाहेर आले, जयंतीला फोन लावून सगळं सांगितलं. तिकडे सनई वाजत होती. सनईचा आवाज हळूहळू लांब गेला.

"दुखतंय त्याला?"

"हो."

"मग माझ्यासाठी थांबू नका."

"अगं, एकदा बघशील तरी. रात्रीचाच प्रश्न आहे."

"आईंच्या वेळी थांबलो होतो आपण. मुकुलभावजी अमेरिकेहून येईपर्यंत." तिच्या आवाजात राग नव्हता. "इतक्या नळ्या लावून. उशाशी मी होते, अहो."

त्या दिवसांबद्दल ती आजवर एक शब्द बोलली नव्हती. मग तिनेच फोन ठेवला.

आत जाऊन त्यांनी काजूच्या डोक्याखाली हात ठेवला आणि डॉक्टरांकडे बघून होकारार्थी मान हलवली.

"थोडा वेळ हवाय का, काका?"

"मला हवाय," ते म्हणाले. "त्याला नको."