फौजदारणीचं घर

तासगावजवळच्या बेंदवाडीत गुंडा सुभेदारांच्या घरची कामं सकाळी अकराच्या आत उरकायची. द्राक्षबागेतल्या बायकांचा चहा जायचा, धुणं दोरीवर पडायचं, चिमुरडी राजनंदिनी अंगणवाडीत जायची. मग थोरली सून, राजनंदिनीची आई क्रांती, सोप्यात बसून बेदाण्यातल्या काड्या निवडत राही. समोर टीव्हीवर कुठल्यातरी घरातल्या सासवा-सुना भांडत असत. नवरा जयराज सैन्यात, दूर आसामात. त्याचा फोन आला की पाऊस किती झाला, बागेला पाणी कधी दिलं, यावर बोलणं संपायचं. क्रांती बी.ए. झालेली होती. घरात तिला कुणी काही कमी पडू देत नव्हतं. पण दिवस असा सरायचा, की संध्याकाळी आठवावं असं त्यात काही नसायचं. एका दुपारी झोपेतून उठून तिने घड्याळ पाहिलं. अजून दीडच वाजला होता. तिला रडू कोसळलं. सासू मनुबाईंनी काय झालं विचारलं, तर तिला सांगताच येईना.

फौजदाराची परीक्षा द्यायची, असं तिने घरात काढलं, तेव्हा मनुबाईंनी कपाळाला हात लावला. सुभेदार मात्र खूश झाले. बेंदवाडीत घरटी एक जवान होता, पण फौजदार कुणाच्याच घरात नव्हता. लष्करातून निवृत्त झालेल्या त्या माणसाने सुनेची तयारी मनावर घेतली. पहाटे क्रांती कालव्याच्या रस्त्याने धावायची आणि ते मागून स्कूटरवर, "श्वास कोंडू नगंस, खांदं सैल," असं सांगत यायचे. पारावरची माणसं हसली, तर तिथेच स्कूटर थांबवून त्यांनी त्यांना झाडलं. तिसऱ्या प्रयत्नात ती निवडली गेली. नाशिकच्या प्रशिक्षणाच्या काळात राजनंदिनीला मनुबाईंनी पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. हे सारं खरं होतं, आणि क्रांती ते कधी विसरली नाही. तिने ते विसरू नये, याची काळजी घरानेही घेतली.

तिची नेमणूक साताऱ्याला झाली. तिने राजनंदिनीला तिथल्या शाळेत घातलं. ठाण्यात सासरच्या जाचाच्या तक्रारी बहुधा तिच्याकडे येत. समोर बसलेली मुलगी रडायची, बरोबरचा बाप खाली बघायचा, आणि क्रांती शांतपणे एकेक प्रश्न विचारत सगळं लिहून घ्यायची. कामात ती चांगली होती.

दोन वर्षांनी धाकट्या दिराचं, पृथ्वीराजचं लग्न ठरलं. मुलगी माधवनगरची, स्वप्नाली. तिचे वडील तातोबा यंत्रमागावर कापड विणत. स्वतःचे चार माग होते. सुपारी फोडायच्या आदल्या दिवशी सुभेदारांचा फोन आला. ड्युटीवरून तशीच ये, वर्दी उतरवू नकोस, असं त्यांनी बजावलं. क्रांतीने कारण विचारलं नाही. विचारायची तशी गरजही नव्हती.

तातोबांच्या घरी बायका आत होत्या आणि बाहेर सतरंजीवर पुरुष. क्रांतीला मात्र पुरुषांच्या मधोमध खुर्ची दिली गेली. सुभेदारांनी तिची ओळख करून दिली. आपल्याला काही मागायचं नाही, देवाने भरपूर दिलंय, असं ते म्हणाले. मग मध्यस्थाकडे बघून थांबले. मध्यस्थ म्हणाला, "मागायचा प्रश्नच न्हाई. पण तातोबा, पोरगी फौजदारणीच्या घरात निघाल्या. दारात चारचाकी नसली तर लोकं तुमालाच नावं ठेवतील."

तातोबांनी हातातला कप सतरंजीवर ठेवला. मग त्यांनी मान वर केली ती थेट क्रांतीकडे. सगळ्या बैठकीत कायदा ठाऊक असलेलं एकच माणूस होतं, आणि ते त्यांच्या समोर बसलं होतं.

"म्याडम, तुमी सांगा," ते म्हणाले. "तुमी म्हणाल तसं."

क्रांतीला त्या क्षणी कालव्याचा रस्ता आठवला, स्कूटरचा आवाज आठवला, राजनंदिनीचं दुखणं काढणाऱ्या मनुबाई आठवल्या. साताऱ्यात ज्या गोष्टीसाठी ती लोकांना आत बसवायची, तीच गोष्ट इथे चहाच्या कपांमध्ये चालली होती.

"मोठी माणसं ठरवतील ते," ती म्हणाली.

तातोबांनी दोन माग विकले. गाडी आली, पण छोटी आली. लग्नानंतर पंधरवड्यातच पृथ्वीराजला ती लाजिरवाणी वाटू लागली. फौजदारणीच्या घरात असली डबडी गाडी, असं मित्र म्हणतात, हे तो स्वप्नालीला रोज ऐकवायचा. मनुबाई जेवताना ऐकवायच्या. सुभेदारांच्या कानावर हे पडायचं. ते सोप्यातून उठून बागेत जात. मग पृथ्वीराजचा हात सुटू लागला.

स्वप्नालीने क्रांतीला साताऱ्याला फोन केला. ती रडत नव्हती, फक्त हळू बोलत होती. क्रांतीने तिला धीर दिला, मी मामांशी बोलते म्हणाली, आणि बोललीही. सुभेदारांचा आवाज नेहमीसारखाच मायेचा होता. घरातलं घरात बघू, तू तुझी ड्युटी बघ, असं ते म्हणाले. साताऱ्यात तेव्हा निवडणुकीचा बंदोबस्त होता. क्रांतीने ड्युटी बघितली. एखाद्या परक्या मुलीचा असा फोन आला असता, तर तिने तासाभरात जीप पाठवली असती.

द्राक्षछाटणीच्या दिवसांत स्वप्नालीने बागेत फवारायचं औषध घेतलं. सांगलीच्या दवाखान्यात तिने दोन दिवस काढले. क्रांती पोहोचली तेव्हा सगळं संपलं होतं. व्हरांड्यात भिंतीला टेकून तातोबा बसले होते आणि त्यांची बायको आक्काताई मुलीच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती.

तिथेच एका हवालदाराने क्रांतीला सॅल्यूट ठोकला. बेंदवाडी ज्या चौकीच्या हद्दीत येते, तिथला तो माणूस. तो तिला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाला, "म्याडम, तुमच्या जाऊबाई मागल्या आठवड्यात आमच्याकडं आलत्या. दंडावर वळ हुतं. पर आडनाव ऐकलं आन् मी लिवून घेतलं न्हाई. म्हनलं, जाऊच फौजदार हाय, घरात मिटंल. उगं तुमच्या नावाला बट्टा नको. सुभेदारांस्नी बोलावलं आन् त्यांच्या संगं लावून दिली."

एवढं सांगून तो थांबला. तिने आभार मानावेत, अशी त्याची अपेक्षा होती.

आपल्या वर्दीने एका मुलीच्या बापाचे माग विकायला लावले, हे क्रांतीला माहीत होतं. त्याच वर्दीने त्या मुलीला चौकीच्या दारातून परत पाठवलं, हे तिला आता कळत होतं. स्वप्नालीचं लग्न दुसऱ्या कुठल्याही घरात झालं असतं, तर निदान तिची तक्रार कागदावर आली असती.

दुपारी पंचनाम्याला सांगलीचे अधिकारी आले. सुभेदारांनी सुनेला जिन्याखाली गाठलं. त्यांचे डोळे लाल होते, ते खरोखर रडले होते. पोरीला पोटाचं दुखणं होतं, ते सहन झालं नाही, असं सांगायचं ठरलंय, ते म्हणाले. क्रांतीने जाऊन साहेबांशी दोन शब्द बोलावेत.

"मी जबाब देणार हाय, मामा," क्रांती म्हणाली.

"कुनाच्या बाजूनं?"

"जे ऐकलं, बघितलं ते सांगणार. सुपारीपासनं."

सुभेदार तिच्याकडे ओळख नसल्यासारखे बघू लागले. "ही वर्दी आमी दिली तुला. गाव हसत हुतं तवा तुज्यामागं मी फिरलो."

"व्हय. तुमीच दिली," क्रांती म्हणाली. "आन् तिची किंमत तातोबांकडनं घेतली. मी बसले हुते तितं खुर्चीवर."

ते जिन्याच्या पायरीवर बसले. क्रांती त्यांना ओलांडून वर गेली. ज्या माणसाने तिला धावायला शिकवलं, त्याच्याविरुद्ध तिने त्या दिवशी जबाब दिला. पृथ्वीराज, मनुबाई आणि सुभेदार, तिघांनाही अटक झाली. हवालदाराचं बोलणंही तिने वगळलं नाही. साताऱ्यातल्या एका वरिष्ठाने तिला फोनवर आडून सुचवलं, की सुपारीच्या बैठकीला तू होतीस हे सांगायलाच हवं असं नाही. तिने तेही सांगितलं. तिची खात्याकडून चौकशी लागली, बढती अडकली. बेंदवाडीच्या घरातले तिचे कपडे चुलत सासऱ्याने पोत्यात भरून एस.टी.च्या पार्सलने साताऱ्याला पाठवून दिले. जयराजने एकदाच फोन केला. माझ्या म्हाताऱ्या आईला तू गजाआड घातलंस, एवढंच तो बोलला. राजनंदिनी आज्जीसाठी रडायची, आणि आज्जी कुठे आहे हे तिला सांगायचं काम क्रांतीचंच होतं.

आसपासच्या गावांत मात्र वेगळीच चर्चा होती. सून शिकवली, साहेब केली, तर हे असं होतं, असं लोक म्हणत. गाडीबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. त्याच वर्षी बेंदवाडीत पाच लग्नं झाली आणि पाचही दारांत नव्या गाड्या आल्या.

खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. सांगलीच्या न्यायालयात क्रांती साध्या साडीत साक्षीला उभी राहिली. जामिनावर सुटलेले सुभेदार मागच्या बाकावर होते. खूप वाळले होते. त्यांच्या वकिलाने तिला सगळी बैठक पुन्हा सांगायला लावली आणि मग विचारलं, "तुम्ही पोलीस अधिकारी. तुमच्यासमोर हुंडा मागितला गेला असं म्हणता. मग तुम्ही तो थांबवला का नाही?"

"नाही थांबवला," क्रांती म्हणाली.

"का?"

"त्या घराने मला फौजदार होऊ दिलं होतं. ते उपकार मी दुसऱ्याच्या मुलीच्या जिवावर फेडले."

वकिलाने समोरचे कागद चाळले. हे उत्तर आपल्या कामाचं की विरोधातलं, ते त्याला ठरवता येईना. न्यायाधीशांनी लघुलेखकाला ते उत्तर जसंच्या तसं घ्यायला सांगितलं.

बाहेर कडुलिंबाखाली तातोबा आणि आक्काताई उभे होते. उरलेले दोन मागही विकून तातोबा आता दुसऱ्याच्या मागावर मजुरीला जात. क्रांतीला पाहून त्यांनी सवयीने हात जोडले. आक्काताईंनी जोडले नाहीत. त्या पुढे आल्या आणि तिला नीट न्याहाळत म्हणाल्या, "आज बोललीस ते समदं खरं हाय. पर हे त्या दिवशी बोलायचं हुतं, बाई. एकच शबुद लागत हुता. ह्यांनी तुज्याकडंच बघितलं हुतं."

क्रांतीने मान हलवली. माफी मागावी असं तिच्या मनात आलं होतं, पण त्या बाईकडून आणखी काही मागायचा तिला धीर झाला नाही. आक्काताई नवऱ्याला हाताला धरून रस्ता ओलांडून गेल्या. क्रांती सांगलीच्या स्टँडवर येऊन साताऱ्याच्या गाडीत बसली. ठाण्यात तिच्यासाठी एक बाप आणि त्याची मुलगी सकाळपासून बसून आहेत, असा फोन आला होता. आपण येईपर्यंत त्या मुलीला घरी पाठवू नका, कुणीही सांगितलं तरी पाठवू नका, असं तिने पुन्हा पुन्हा बजावलं.