खिडकीजवळची खुर्ची

"मला काही घाई नाही, थांबतो मी," असं म्हणून विमा एजंटाने मनगटावरचं घड्याळ बाहीखाली ढकललं आणि वर्तमानपत्र पुन्हा उघडलं.

खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. खुर्चीमागे ती उभी होती, हातात घडी केलेलं कापड घेऊन. शेजारच्या खुर्चीपाशी तिचे थोरले दीर एकाची दाढी करत होते आणि भिंतीलगतच्या बाकावर गिऱ्हाइकं दाटीवाटीने बसली होती. ती खुर्ची तिच्या नवऱ्याची. खांदा मोडल्यापासून त्याचा हात छातीच्या वर जात नव्हता. लग्न झाल्यापासून त्याचे केस तीच कापायची आणि त्याने शिकवलं तसं अख्ख्या चाळीचेही. म्हणून ती दुकानात आली. गिऱ्हाईक मात्र तिच्याकडे फिरकत नव्हतं.

"मी काही म्हणतोय का?" दीर रोज सांगायचे. "माझं काही नाही गं. लोकांनाच नको असतं."

आधी तिला वाटलं, आपला हात पसंत नसेल. पण इथं तो पाहिला होता कोणी? मग एका दुपारी दुकानात एकटा एजंटच होता. दीर चहाला गेले होते. तो उठला, खुर्चीपर्यंत आला, एक हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला. तेवढ्यात दारातून निवृत्त पोस्टमन आत आले. एजंटाने हात असा काढला की जणू चटका बसला. "पंखा बघत होतो," तो म्हणाला.

त्या दिवशी तिला उलगडलं. भीती तिच्या कात्रीची नव्हतीच. बाकावरचा प्रत्येक जण शेजारच्याला भीत होता आणि शेजारचा त्याला. पण हे कळून करायचं काय? काल जेवताना दिरांनी सांगून टाकलं होतं, "पुढच्या आठवड्यापासून एक माणूस ठेवतोय. तू घरी थांब." सासूबाई ताटावरून नजर न उचलता जेवत होत्या.

त्याच सासूबाई आत्ता दारात उभ्या होत्या.

मोठ्या तापातून उठल्यापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. केसांचे पुंजके गळून डोकं विद्रूप झालं होतं, त्यावर घट्ट रुमाल. दिरांचा वस्तरा हवेतच थांबला.

"आई? तू इथं?"

"दाढी करायला नाही आले. तू तुझं काम कर." त्या सरळ खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि रुमाल सोडून मांडीवर ठेवला. "काप गं. अगदी बारीक कर."

"आई, घरी केलं असतं की मी..." ती कुजबुजली.

"घरी कोण बघणार?" सासूबाई मोठ्याने म्हणाल्या. "आणि लाजायचं काय? माझेच केस आहेत, चोरीचे नाहीत."

बाकावर कोणी हललं नाही. तिने त्यांच्या अंगावर कापड घातलं. कात्री उचलली आणि बोटं सवयीने चालू लागली.

"कानापाशी जपून हं. शेजारणीच्या भानगडी ऐकायच्यात अजून."

पोस्टमन खुदकन हसले. मग बाकी सगळे.

काम संपलं. सासूबाईंनी आरशात डोकं उजवीकडे वळवलं, डावीकडे वळवलं. पुंजके गेले होते. एकसारखे, रुपेरी, आखूड केस. चेहरा उघडा आणि करारी दिसत होता.

"हं. आता माणसात आले." त्या उठल्या, बाकाकडे वळल्या. "चला, पुढचं कोण?"

बाकावरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एजंट उभा राहिला. "मला... मला जरा घाईच आहे."

"मघाशी तर नव्हती!" पोस्टमन ओरडले आणि सगळं दुकान हसलं. हसता हसता एजंट खुर्चीत जाऊन बसला.

त्यानंतर जे आले त्यांनी दोन्ही खुर्च्यांत माणसं पाहिली आणि ते काही न विचारता बाकावर टेकले. दुपारी पोस्टमन तिच्याकडून दाढी करून घेत सगळ्यांना सांगत होते, "मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. काय हलका हात आहे!" तिने ओठ दाबून हसू आवरलं.

संध्याकाळी दिरांनी दुकान बंद करायला घेतलं. दार अर्धं ओढून ते घुटमळले.

"त्या माणसाला नको म्हणून कळवलंय."

"बरं, भाऊजी."

ते आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. "मानेवरचे वाढलेत. माझे मला दिसत नाहीत."

"मग इतके दिवस कोण करायचं?"

"स्टेशनपलीकडच्या दुकानात जायचो." ते जमिनीकडे बघत होते. "लांब पडतं."

तिने कापड बांधलं, वस्तऱ्याला नवं पातं लावलं. त्यांनी मान खाली केली. दिवसभर उभा राहिलेला माणूस. पातं मानेवरून दोनदा फिरलं नाही तोच त्यांना डुलकी लागली. डोकं पुढे कलायला लागलं, तेव्हा तिने डाव्या तळव्याने त्यांचं कपाळ अलगद सावरलं आणि उजव्या हाताने काम चालू ठेवलं.