दुसऱ्या सुरावर जीभ

चौऱ्याहत्तर साली माझे वडील, अण्णा, गेले. त्यानंतर दोन महिने मी रोज त्यांचा सॅक्सोफोन काढत होते. कल्याणच्या क्लबात ते नाचासाठी जॅझची एक धून वाजवायचे. माझे सूर बरोबर लागत, पण कवायतीसारखे. धून झुलतच नव्हती. ते झुलणं अण्णांबरोबरच गेलं, असं वाटू लागलं होतं. आज जमलं नाही तर वाद्य त्यांच्या बँडला देऊन टाकायचं, असं मी ठरवलं.

त्या दिवशी शुक्रवारची सुट्टी होती, म्हणून शेजारचे कापडाचे लूम बंद होते. बँडचे ड्रमवाले गुलामचाचा दारात बसून ऐकत होते.

“बेटी, प्रत्येक सुराला रीडच्या पट्टीवर जीभ मारतेस, म्हणून सूर तुटतो. कुणावर रागावलीस?”

“अण्णा असंच वाजवायचे ना?”

“राघो? तीन वर्षं तोही असाच ठोकायचा. लोक नाच सोडून परेड करायचे!”

म्हणजे अण्णांनाही ते शिकावं लागलं होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी हसले.

“सुरांची जोडी धर. पहिला लांब, दुसरा छोटा. जीभ छोट्याला लाव आणि न तोडता पुढच्या लांब सुरावर घसर.”

चौथ्या खेपेला धून हलली. चाचांची टाच ठेका धरू लागली. अण्णांइतकं सफाईदार नव्हतं, अडखळत होतं, पण झुलत होतं. मी थांबून डोळे पुसले.

“थांबलीस कशाला? नाचणारे काय एक पाय वर धरून उभे राहतील?”

मी रीड ओली केली आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं.