वाचली की संपणारी फ्लॉपी

जपणूक हे माझं काम आणि धास्ती हा माझा स्वभाव. पगार मात्र एकाच गोष्टीचा मिळतो. साहित्याच्या संग्रहालयात मी जुन्या कॅसेटी आणि फ्लॉप्या सांभाळते. घरून निघताना गॅस बंद केलाय ना, हे बघायला जिना उतरून पुन्हा वर जाते. त्या सकाळी तर नुसता जीव टांगणीला लागला होता, कारण आई फ्लॉपी घेऊन येणार होती.

माझे बाबा कवी होते. त्यांनी आणि त्यांच्या मित्राने, म्हणजे आमच्या खटपट्याकाकांनी मिळून एक कविता केली होती, जी वाचता वाचता स्वतःला पुसून टाकते. कॉम्प्युटरवर एक ओळ यायची, जरा थांबायची आणि जायची; पडद्यावरूनही आणि फ्लॉपीवरूनही. शब्द बाबांचे, कारागिरी काकांची. थोड्याच फ्लॉप्या निघाल्या, मित्रमंडळींनी हौसेनं लावून बघितल्या आणि आता त्यातल्या कुणाला एक ओळ धड सांगता येत नाही. कच्चे कागद बाबांनी स्वतःच्या हातानं फाडले. नक्कल करावी तर ती उघडतच नाही, अशी पाचर काकांनी आत मारून ठेवलेली. दोघांचं डोकं फिरलं होतं, असं माझं मत आहे.

कविता बाहेर पडली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबा गेले. झोपेतच, अचानक. निदान आम्ही तरी तसंच मानत आलो.

आईच्या वाट्याची फ्लॉपी तेवढी न वाचलेली राहिली. तेव्हा घरात कॉम्प्युटर नव्हता आणि नंतर तिला धीर झाला नाही. आता ही कविता कशी घडली याची सगळी नोंद आमचं संग्रहालय करतंय. काकांच्या लांबलचक मुलाखती झाल्या, जुने फोटो जमले, त्या काळातलं मशीनही मिळालं. संचालकबाईंचा जीव मात्र त्या फ्लॉपीत अडकला होता. ती न वाचता तशीच कपाटात राहावी, असं त्यांचं म्हणणं. वाचलेली फ्लॉपी म्हणजे प्लॅस्टिकचा तुकडा, असं त्या मला रोज ऐकवायच्या.

आईनं एका वाक्यात विषय संपवला होता. "आधी मी वाचणार. मग तिचं लोणचं घाला."

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय आणि फ्लॉपीही म्हातारी झालेली. दोघींपैकी आधी कोण दगा देईल, याचीच मला भीती. शेवटी बाई नमल्या. कॅमेरा लावायचा, आईनं वाचायचं, आणि एकही ओळ सुटता कामा नये, असं मला बजावून त्या मीटिंगला निघून गेल्या. म्हणजे काही बिघडलं तर खापर माझ्याच माथी.

आई आली ती ठेवणीतली साडी नेसून. फ्लॉपी तिनं रुमालात गुंडाळून आणली होती. काका आधीच मशीनपाशी बसून पंख्यातली धूळ फुंकत होते.

"वहिनी, एकदम नटूनथटून?"

"लग्नाला नाही आले, भाऊजी. पण त्यांना भेटायला तर आलेय."

मी फ्लॉपी हातात घेतली, आत सरकवली आणि पडद्याकडे बघत उभी राहिले. मशीन घरघरलं. पडदा काळाच राहिला. गेली! इतकी वर्षं ट्रंकेत जपलेली वस्तू माझ्या हातात आली आणि गेली!

काकांनी वळून बघितलं. "लॉक केलीस का?"

केली होती. फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक छोटी खिटी असते. ती सरकवली की आतलं काही पुसता येत नाही. आमच्याकडे कुठलीही फ्लॉपी हातात आली की आधी खिटी सरकवायची, हे इतकं अंगवळणी पडलंय की आपण ते केलं, हेही मला कळलं नव्हतं.

"अगं बाई, पुसता येत नसेल तर ती दाखवतही नाही. ठरवूनच केलंय आम्ही तसं."

म्हणजे ती सुखरूप होती. मला हायसं वाटलं आणि लगेच रडूही आलं, कारण आता ती खिटी मलाच उघडायची होती. "आई, अजून विचार कर," मी म्हटलं. "आत्ता ती आहे. नंतर नसेल."

"मी तरी कुठे कायमची आहे? उघड."

मी फ्लॉपी बाहेर काढली, नखानं खिटी मागे सरकवली आणि ती पुन्हा आत घातली.

पहिली ओळ आली. मी कॅमेऱ्याच्या चौकटीत बघत होते. अक्षरं नीट दिसताहेत ना, उजेड बरोबर आहे ना, एवढंच. वाचायचं भान कुणाला? दुसऱ्या ओळीलाच आई पुढे झुकली. तिला दिसत नव्हतं. आणखी झुकली, आणि चौकटीत पडद्याऐवजी तिचा अंबाडाच आला. "आई, बाजूला हो" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. ओळी येत होत्या, जात होत्या, संचालकबाईंचा चेहरा डोळ्यांसमोर नाचत होता. मी गप्प बसले. ती वाचत होती. तिच्यासाठीच तर होतं ते.

पुढे पुढे मशीन अडखळायला लागलं. एक ओळ यायची, पुसली जायची, आणि मग काळा पडदा तसाच. आता संपलं म्हणावं तर अर्धी ओळ उमटायची, पुन्हा अंधार. बिघडलं, मला वाटलं. मी काकांकडे बघितलं. ते पडद्याकडे बघतच नव्हते, आईकडेही नाही. आपल्या हातांकडे बघत होते.

मग घरघर थांबली.

"सगळं नाही गं दिसलं," आई डोळे पुसत म्हणाली. "अर्धंमुर्धं. पण भाऊजी, शेवटी शेवटी ते इतकं का थांबत होतं? बिघडलंय का मशीन?"

"नाही, वहिनी."

"मग?"

काकांनी मुलाखतींत मला सगळं सांगितलं होतं, कुठल्या दुकानातून कुठला सुटा भाग आणला इथपर्यंत. हे नव्हतं सांगितलं. "तो मोठ्यानं वाचायचा," ते म्हणाले, "आणि मी घड्याळ लावायचो. एखादी ओळ किती वेळ ठेवायची, मधे किती थांबायचं, सगळं त्याच्या वाचण्यावरून घेतलंय. मी म्हटलं होतं, शेवटचा भाग बरं वाटल्यावर पुन्हा वाच. त्यानं ऐकलं नाही."

आईनं हातातला रुमाल खाली ठेवला.

"म्हणजे धाप लागत होती त्यांना."

"हो."

"एक ओळ एका दमात होत नव्हती. आणि घरी येऊन मला म्हणायचे, ठणठणीत आहे."

"तुम्हाला सांगू नको म्हणाला होता. घाबराल म्हणून."

"तुम्ही दोघांनी मशीनला सांगितलंत," आई म्हणाली. "मला नाही."

मला ते सगळं असह्य झालं. मी उठले आणि कॅमेरा बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे चालू," आई म्हणाली. तिनं खुर्ची वळवून काकांच्या समोर घेतली. "कविता कशी केली, तेच हवंय ना तुमच्या ऑफिसला? सांगा, भाऊजी. त्यांना पहिल्यांदा कधी धाप लागली?"